जमनीच्या दुधाचे पैसे

इंदूबाईच्या लेकाला, भीमराजला, एक वाईट खोड होती. पांढरकवड्याच्या मोटर स्टँडवर त्याचं चहाचं दुकान; दिवसभर गल्ल्यात नाणी पडत. पण बाजारात गूळ स्वस्त दिसला की हा शहाणा गल्ला रिकामा करून भेल्या, म्हणजे गुळाच्या ढेपा, आणी. मग तांड्यावरून दूध घालणाऱ्या जमनीला पैशाऐवजी गुळाचे खडे! गूळ म्हणजे पैसाच, असं वर तिलाच शिकवी. आपल्यातले कितीतरी जण अशाला हुशार म्हणतात, म्हणून सांगते.

आठ दिवस जमनीनं गूळ नेला. नवव्या दिवशी ती दूध न घेताच आली. पोरीला तीन दिवसांचा ताप. डाक्टरची चिठ्ठी मुठीत, औषधाला साडेतीन रुपये हवे. भीमराजनं गल्ला उपडा केला. चार नवे पैसे निघाले. सकाळीच त्यानं दोन भेल्या घेतल्या होत्या. मान खाली घालून त्यानं एक भेली तिच्यापुढे सरकवली.

जमनी म्हणाली, "या गुळानं मले ना मीठ भेटलं ना सरकी. म्हैस आटून राह्यली. आता पोरीलेबी गूळच पाजू का?"

इंदूबाई कप विसळत होती. ती उठली, भेली लेकाच्या खांद्यावर दिली आणि त्याला अन् जमनीला घेऊन औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार दुपारच्या जेवणासाठी दार लोटतच होता. त्यानं समजावून सांगितलं की नागपूरचा व्यापारी माल रोख पैशावर देतो, गुळावर नाही. थोडा वेळ मात्र थांबतो म्हणाला.

शेजारच्या किराणावाल्यानं अडलेलं ओळखलं. सात रुपयांची भेली साडेतीनला मागितली. भीमराज घासाघीस करायला लागला, तशी जमनी रस्त्यातच मटकन बसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि भेली टाकून पैसे घेतले. औषध मिळालं. जमनी पळतच तांड्याकडे निघाली.

परतताना भीमराज म्हणाला की उरलेली भेलीही आजच विकतो, तिचे आठ दिवसांचे पैसे संध्याकाळी तांड्यावर नेऊन देतो. इंदूबाईनं स्टँडवर, चार माणसांदेखत त्याला थांबवलं.

"ऐक भीम्या. हातात नाणं असलं तं गरीबबी ठरवते, आज मीठ घ्याचं का औषध. तू गूळ देऊन तिचं ते ठरवणंच हिसकलं. दूध तिचं, म्हैस तिची, अन् तिले काय पाह्यजे ते तू कायले ठरवत होता? उद्यापासून सकाळचा पह्यला पैसा दुधाचा. ते जमत नसन, तं चहा कोराच वीक!"