एक्केचाळीस फुल्या

"कुणी पुसलं हे?" विमानाच्या पोटाखाली वाकलेल्या त्यार्क बेन्केनं तिथूनच विचारलं.

काल त्यानं तळाचे पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट हातोडीनं ठोकून पाहिला होता. ज्याचा आवाज बद्द आला तो सैल, त्यावर खडूनं फुली. अशा एक्केचाळीस फुल्या झाल्या होत्या. हाम्बुर्गच्या गोदीत तीस वर्षं त्यानं जहाजांचे तळ असेच तपासले होते. आता कारखाना समुद्रावर गस्त घालणारं विमान घडवत होता. ते पाण्यावरच उतरायचं, तेव्हा त्यार्कच्या लेखी तेही जहाजच. आधीच्या दोन नमुन्यांचे तळ लाटांनी चेपले होते, म्हणून हा तिसरा.

"मी पुसायला लावलं," इंजिनिअर फोलराट म्हणाला. "उद्या दहाला बर्लिनचे साहेब येताहेत. त्यांना काय पोराची पाटी दाखवायची?"

"पुसा की. पुसल्यानं रिव्हेट घट्ट होत असतील तर रोज पुसा."

"बेन्के, उद्या नदीत उतरायचंय, समुद्रात नाही. गुमान तपासणीच्या कागदावर सही करा."

"आणि गस्त काय नदीत घालणार? आज सही केली की हाच तळ समुद्रावर जाणार. आत पाच पोरं असतात, साहेब. करतो मी सही. पण खवळलेल्या पाण्यावर उतरताना शेपटाकडच्या खोलीत तुम्ही बसायचं. आहे तयारी?"

फोलराटचं तोंड एवढंसं झालं. बाजूचे कारागीर खाली मान घालून हसले. तसा तो भडकला.

"युद्ध चालू आहे! याला घातपात म्हणतात. असल्या माणसांना कुठं नेतात, ठाऊक आहे ना?"

माणसं नाहीशी होत होतीच, आणि घरी त्यार्कची बायको एकटी होती. पण भीतीपेक्षा त्याला राग जास्त आला होता.

"घातपात त्या सहीत आहे," तो म्हणाला. "मी नाही करत, जा."

फोलराटनं स्वतःच सही ठोकली आणि त्यार्कची रवानगी नदीपलीकडच्या भंगाराच्या धक्क्यावर केली.

निघताना फाटकापाशी उद्या ते विमान उडवणारा वैमानिक ल्युडर्स आडवा आला. पंचविशीचाच होता.

"मिस्त्री, खरं सांगा. चालेल का ते?"

"उडेल झकास. उतरताना एक मोठी लाट बसली की तळ उसवला म्हणून समजा."

"मी नाही म्हटलं तर मला आघाडीवर धाडतील."

"धाडतील," त्यार्क म्हणाला. त्याला खोटं बोलवेना. "पण आत तुम्ही बसणार. तुम्हीच ठरवा."

ल्युडर्स वळून विमानाकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी त्यार्क गंजक्या साखळ्या तोडत होता. दहा वाजता पलीकडच्या काठावर काळे कोट जमले. साडेदहाला कुणीतरी हातवारे करू लागलं. अकराला दोन शिपायांच्या मधून एक जण चालत मोटारीकडे गेला. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण अंगातला वैमानिकाचा कोट ओळखू येत होता. मागोमाग साहेबांच्या मोटारीही निघाल्या. विमान नदीत उतरवायच्या उतारावर होतं तिथंच होतं.

त्यार्कनं टोपी काढली. ती मोटार दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.