धाकट्याचा मुक्काम

धाकटा यंदा घरी आला आणि आपल्याच घरात परक्यासारखा वागायला लागला. पाणी प्यायचं तरी विचारायचा, "आई, हा पेला घेऊ का?" जेवून उठला की मलाच 'थँक्यू'. आईला थँक्यू! कपाट रिकामं करून दिलं, तर त्यात एक रुमालसुद्धा ठेवला नाही मेल्यानं. सगळं पाठीवरच्या बॅगेतच.

कित्येक वर्षं हा देशोदेशी भटकतोय. एकदा जेवताना मोठ्या सुनेनं सहज विचारलं, "भाऊजी, एकेका गावात किती राहायचं, हे ठरवता कसं?"

"सोपं आहे, वहिनी. घरमालकीण पाहुणा समजते तोवर राहायचं. बाहेर चाललायस तर कचरा टाकून ये, म्हणाली की बॅग भरायची."

मी मनाशी खूणगाठ बांधली.

घराच्या पुढच्या खोलीत आमचं पुस्तकं बांधायचं दुकान. मागच्या आजारपणापासून ह्यांच्या उजव्या हातात जोर नाही. शिवताना दोरा ताणला जात नाही, पानं सैल राहतात. मोठा नोकरीत अडकलेला. धाकटा राहिला तर दुकान राहील, एवढीच ह्यांची आस. पण बोलतील तर शपथ! बापलेक दोघेही घुमे. मग मीच ठरवलं, ह्याला काम म्हणून सांगायचं नाही.

सुनेलाही तंबी दिली. ठेवणीतले कप काढले. हा उन्हं चढल्यावर उठायचा, मी गप्प. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा, मी गप्प.

सून म्हणाली, "आई, जिभेला काही झालंय का? डॉक्टरला दाखवू या?"

"तुझ्यासाठी राखून ठेवलीय," म्हटलं.

एक दिवस तो दुकानात जाऊन बसला. ह्यांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओढला आणि पानं कशी घट्ट बसली! ह्यांचा चेहरा उजळला. मी धावत गेले आणि त्याच्या हातातली सुई काढून घेतली. "राहू दे रे बाबा, चार दिवस आलायस. चल, चहा घे."

काल सकाळी बघते तर बॅग पाठीला लावून दारात उभा.

"का रे? कुणी काम सांगितलं तुला?"

"नाही ना सांगितलं," तो म्हणाला. "बाहेर कुणी काम सांगितलं की वाटायचं, आता ह्या गावात अडकणार. घरी मात्र अडकायलाच आलो होतो, आई. सुई धरली तर तीही काढून घेतलीस. वाटलं, तुमचं माझ्यावाचून नीट चाललंय. पुढच्या गावच्या मित्राला शब्द दिला. त्यानं माझ्या भरवशावर खोली घेतलीय."

हे आतून नुसते खोकले. उसवलेलं पुस्तक मांडीवर तसंच. उठले नाहीत.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी पोराची कॉलर सरळ केली आणि इतके दिवस बांधून ठेवलेली जीभ सोडली.

"परक्याच्या घरातून कधी उठायचं ते तुला बरोबर कळतं, शहाण्या. आपल्या घरात किती राहायचं ते तोंड उघडून विचारायचं असतं. तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही. माझंच पोर शोभतोस, मूर्खपणात तसूभरही कमी नाहीस."