बिनकाचेचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. पण माझ्यात काच नाही, आणि कधी नव्हतीही. माझ्यातून पाहिले तर अक्षरे मोठी दिसत नाहीत की ऊन कमी लागत नाही. मला पहिल्यांदा पाहून सगळे हसले होते. तरी मी माझी गोष्ट सांगणार आहे, कारण माझ्यासारख्यांमुळे नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली काही माणसे आज दोन्ही डोळ्यांनी बघत आहेत.

एकोणीसशे बहात्तरच्या डिसेंबरात माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्याचे नाव गहिनीनाथ. पत्रा कापून रॉकेलच्या चिमण्या, नरसाळी, डबे करणे हा त्याचा धंदा. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. लोक गाव सोडून चालले होते, मग चिमण्या कोण घेणार? म्हणून गहिनीनाथ आणि त्याची बायको चांगुणा दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. गावापासून कर्जतपर्यंत नवा रस्ता व्हायचा होता. माळावर दगडांचे ढीग पडलेले असत, आणि त्यांच्यापुढे बायाबापड्यांची रांग बसलेली असे. मोठा दगड पायाच्या अंगठ्यांत धरायचा आणि हातोडीने फोडत जायचे. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तेच काम.

या रांगेत चांगुणेच्या शेजारी रंगुबाई बसत असे. वयाने मोठी, हाताने चपळ. दिवाळीच्या आधी एके दुपारी दगडाची एक कपची उडाली आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेली. बायांनी डोळ्यावर दुधात भिजवलेली कापडाची घडी ठेवली. दुसऱ्या दिवशी डोळा सुजला, तरी रंगुबाई कामावर आली. आठ दिवसांनी तिला नगरला डॉक्टरकडे नेले, तेव्हा ते म्हणाले, “त्याच दिवशी आला असता तर काही करता आलं असतं.” तो डोळा गेला. गावात सगळे म्हणाले, नशीब.

गहिनीनाथला मात्र ते पटले नाही. कामावर असताना त्याची नजर आपल्या दगडावर कमी आणि चांगुणेच्या तोंडाकडे जास्त जाई. प्रत्येक घावाला तो मनात दचके. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने हत्यारे काढली. डब्याच्या पत्र्याच्या दोन वाट्या ठोकल्या, त्यांचे तळ कापून काढले आणि तिथे घरातल्या पिठाच्या चाळणीची जाळी बसवली. दोन्ही बाजूंना सुतळी ओवली. तो मी.

“हे काय केलंसा?” चांगुणेने विचारले.

“डोळ्याला लावायचं. कपची आत जायची न्हाई.”

“आन् पीठ कशानं चाळू?”

“मिलोच्या भाकरीला कोंडा असला काय आन् नसला काय,” गहिनीनाथ म्हणाला. त्या वर्षी रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळे. ती कुणालाच आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी चांगुणेने मला डोळ्यांवर बांधले आणि रांगेत हसू पसरले. साळूबाई म्हणून एक बाई होती, तिची जीभ मोठी धारदार. ती म्हणाली, “बैलाच्या तोंडाला मुसकं बांधत्यात. हिच्या मालकानं हिच्या डोळ्याला बांधलंय.”

मित्रांनो, मला वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मी हसण्याच्याच लायकीचा होतो. माझी जाळी फार बारीक होती. घटकाभरात तिच्यात धूळ बसली आणि चांगुणेला समोरचे अंधुक दिसू लागले. उन्हाने माझा पत्रा तापला, त्याची कड तिच्या गालाला चटके देऊ लागली. जेवणाच्या सुट्टीच्या आत तिने हातोडी आपल्याच अंगठ्यावर मारून घेतली. नख काळेनिळे झाले. तिने मला काढले आणि बाभळीच्या फांदीला अडकवून ठेवले. तिथे मी चार दिवस लटकत होतो. जाणारे-येणारे मला बोट लावून जात. माझा जन्म फुकट गेला असेच मला वाटले.

पाचव्या दिवशी चांगुणा आपण होऊन मला घरी घेऊन आली. नवऱ्यापुढे मला ठेवून ती म्हणाली, “पिठाची जाळी काढा. जवारीची चाळण हाय ना, मोठ्या भोकाची, ती लावा. दिसायचं बी आन् कपची बी आडायची. कडंला मी गोधडीची चिंधी शिवते.”

गहिनीनाथ चाळण आणायला उठला. “माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?”

“तुमी कवा चाळण हातात धरलीया?” चांगुणा म्हणाली.

अशा रीतीने मला नवे डोळे मिळाले. आता माझ्यातून दगड स्पष्ट दिसे. चिंधी पाण्याच्या हाताने जरा ओली केली की पत्राही तापत नसे. चांगुणेने मला पुन्हा बांधले. साळूबाई पुन्हा बोलली, पण चांगुणेने मान वर केली नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. एका काळ्या पाषाणावर तिने घाव घातला आणि माझ्या उजव्या जाळीवर खट्कन काहीतरी आदळले. मी पुरा हादरलो. माझ्या दोन तारा आत वाकल्या, पण तुटल्या नाहीत. कपची खाली पडली. जोंधळ्याच्या दाण्याएवढी होती, आणि एका बाजूने सुरीसारखी. चांगुणेने हातोडी खाली ठेवली. मला सोडून हातात घेतले. जाळीला खळगा पडला होता, अगदी बुबुळासमोर.

मला तिने शेजारणीच्या हातात दिले. मग मी हातोहात रांगभर फिरलो. साळूबाईने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि मुकाट्याने पुढे दिले. शेवटी मी रंगुबाईकडे पोचलो. तिने त्या खळग्यावरून बोट फिरवले आणि पुन्हा फिरवले.

“गहिनीनाथ,” ती म्हणाली, “मला बी एक करून दे बाबा. माझा आता एकच उरलाय.”

त्या संध्याकाळी गहिनीनाथच्या दारात सात-आठ बाया आपापल्या चाळण्या घेऊन आल्या. पण दिवसभर खडी फोडून आल्यावर त्याच्या हातांना पत्रा कापायचे बळ राहत नसे. आठवड्यात एखादा चष्मा होई. रांगेत तर साठ माणसे होती. तो मुकादमाकडे गेला. रखमाजी मुकादम वाईट माणूस नव्हता, पण वरच्यांना घाबरून असे. तो म्हणाला, “हजेरी खडीची हाय, चष्म्याची न्हाई. मला वरून बोल खायला लावू नको.”

“मग वरच्यांनाच इचारू,” रंगुबाई म्हणाली.

दर शुक्रवारी कामाची पाहणी करायला ओव्हरसिअर साहेब मोटारसायकलवरून येत. तरुण होते, घाईत असत. त्या शुक्रवारी ते आले तेव्हा एकही हातोडी वाजत नव्हती. साठ माणसे दगडांपुढे स्वस्थ बसली होती. मुकादमाच्या कपाळावर घाम आला.

“काय झालं? काम का बंद आहे?” साहेबांनी विचारले.

रंगुबाई उठली. तिने आपली हातोडी त्यांच्या हातात दिली. “सायब, बसा हितं. चार घाव घाला, मग सांगते.”

साहेबांना राग आला असावा. पण त्यांचे लक्ष तिच्या डाव्या डोळ्याकडे गेले, आणि ते खाली बसले. त्यांनी एक घाव घातला, दुसरा घातला. प्रत्येक घावाला त्यांचे डोळे गच्च मिटत होते. तिसरा घाव दगड सोडून बुटाजवळ पडला.

“डोळं मिटून घाव घालताय, सायब,” रंगुबाई शांतपणे म्हणाली. “आमाला तसं जमत न्हाई. मिटलं तर बोट जातं, उघडं ठेवलं तर डोळा.”

मग चांगुणेने मला पुढे केले. साहेबांनी मला डोळ्यांवर बांधले. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका साहेबाच्या नाकावर बसलो होतो, पण मला त्याचा अभिमान वाटला नाही. मला फक्त धास्ती होती की माझी तार दगा देईल. त्यांनी चौथा घाव घातला, डोळे उघडे ठेवून. पुढचे दहा-बारा घाव ते घालत राहिले. कपच्या माझ्यावर येऊन टकटक आदळत होत्या. थांबल्यावर त्यांनी मला काढले आणि रंगुबाईला विचारले, “तुमचा डोळा कधी गेला?”

“दिवाळीच्या आदी.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगून माघारी येतो व्हय?”

“तुमचा नाही आला तरी बाकीच्यांचे वाचतील,” साहेब म्हणाले. धूळ झटकत ते उठले आणि मुकादमाला म्हणाले, “उद्यापासून गहिनीनाथांनी खडी फोडायची नाही. त्यांनी चष्मे करायचे. त्यांची हजेरी लागेल, मी सही करतो. जाळीचं भेंडोळं मी कर्जतहून पाठवतो.”

“आजून एक, सायब,” चांगुणा म्हणाली. “आमी लई खेटून बसतो. एकीची कपची दुसरीला लागती. आन् वारं तोंडावर घेतलं की धूळ छातीत जाती. बाया रातभर खोकत्यात.”

धुळीवर पाणी मारणे शक्य नव्हते. पिण्याचे पाणीच टँकरने येत होते. म्हणून ठरले की रोज सकाळी वारा पाहून रांग बसवायची, वाऱ्याकडे पाठ करून, दोघींत दोन हातांचे अंतर ठेवून. नाकातोंडावर पदर बांधायचा. आणि कुणाच्या डोळ्याला लागलेच, तर दूध नाही, तेल नाही. खडी नेणाऱ्या ट्रकमध्ये बसवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे.

होळीपर्यंत साठही माणसांच्या डोळ्यांवर माझी भावंडे आली. माळावरून जाणारे लोक थबकून पाहत. चैत्राच्या उन्हात काही जण चष्मा कपाळावर सरकवून बसत. साळूबाईने असाच सरकवलेला असताना कपची तिच्या पापणीत घुसली. तिला लगेच ट्रकमध्ये बसवले, सोबत रंगुबाई गेली. दिवस मावळायच्या आत कपची निघाली. पंधरा दिवसांनी साळूबाई परतली ती दोन्ही डोळ्यांनी बघत. त्यानंतर कुणी चष्मा वर सरकवला की सगळ्यांच्या आधी तीच ओरडत असे.

तो पावसाळा चांगला झाला, शेते पिकली आणि ते काम बंद झाले. रस्त्यावरून एसटी धावू लागली. माझ्या भावंडांची गरज संपली. कुणी चष्मा मुलांना खेळायला दिला, एकीने तर त्यातून चहा गाळला. मला गहिनीनाथच्या दुकानात खुंटीला टांगले होते. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. गहिनीनाथ पुन्हा चिमण्या आणि डबे करू लागला. माझ्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. मी रुसलो नाही, पण खुंटीवरचे दिवस लांब असतात.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात दुकानात एक अनोळखी माणूस आला. खर्डा गावचा आसाराम. विहिरी खोदण्याची कामे घ्यायचा.

“जाळीचं चष्मं करनारे तुमीच का?” त्याने विचारले. “मला आठ पायजेत. दगडातली हीर हाय.”

गहिनीनाथने हातातली कात्री खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला. “कुणाला लागलं?” त्याने विचारले.

“कुणाला न्हाई,” आसाराम म्हणाला. “काम सोमवारी सुरू व्हायचंय.”

गहिनीनाथने चांगुणेला हाक मारली आणि म्हणाला, “ह्यांना बसाया टाक. च्या ठेव.” त्याने मला खुंटीवरून काढले, फडक्याने पुसले आणि नमुना म्हणून समोर ठेवून पहिला पत्रा कापायला घेतला.

मित्रांनो, मी एक डोळा गेल्यानंतर जन्मलो. माझ्या त्या आठ भावंडांचा जन्म मात्र कुणाला इजा होण्याआधी झाला. तुम्ही मोठे व्हाल, कुणी कामाला जाल, कुणी दुसऱ्यांना कामाला लावाल. तेव्हा एवढेच करा. काम कधी सुरू होणार हे विचाराल, त्याच दमात ते करणाऱ्याचे डोळे, हात आणि छाती कशी जपणार, हेही विचारा.