मावशींनी इस्त्री केलेला मासा

मावशींना चुरगळलेलं काही बघवत नसे. संग्रहालयात लागण्याआधी बारा वर्षं त्यांनी लाँड्रीत इस्त्री केली होती, हाताला वळण तिथलंच. आता काम बरण्यांचं. मेलेले मासे औषधी पाण्यात ठेवायचे, झाकण घट्ट लावायचं, चिठ्ठी चिकटवायची. पण सवय जाते कुठे? चिठ्ठीसुद्धा त्या अंगठ्याने अशी दाबून बसवत की सुरकुती पडायची हिंमत होत नसे.

त्यांचा लाडका म्हणजे चौदा नंबरच्या बरणीतला मासा. खोल समुद्राच्या तळाशी राहणारा, तव्यासारखा चपटा, आणि चेहरा असा की नुकतंच कुणीतरी त्याला रागावलंय. जगात असा हा एकच सापडलेला. तो आला तेव्हा मावशी नोकरीत नव्या, पदरात लहान मुलगी आणि नोकरी कच्ची. त्यांनी तो असा झकास मांडला की माशांचा अभ्यास करणारे संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "याला म्हणतात हात." दोन महिन्यांत मावशी कायम झाल्या. साहेबांनी माशावर जाडजूड पुस्तक लिहिलं, दूरदूरची माणसं त्यांना पत्रं धाडू लागली. दोघांचंही त्या माशाने भलंच केलं म्हणा ना.

सव्वीस वर्षांनी नवं दालन उघडायचं ठरलं. मधोमध या माशाचा खाटेएवढा पुतळा. शिल्पकाराचं मातीकाम निम्म्यावर आलं होतं, तेव्हा साहेबांनी मावशींना माहितीचा कागद चिकटवायला दिला. साहेबांच्या पुस्तकाच्या वाटेला मावशी कधी गेल्या नव्हत्या, हे मात्र साध्या भाषेत होतं. ‘याचे सगळे भाऊबंद परांचे पाय करून समुद्रतळावर चालतात. हा एकटाच पांगळा. याचे पाय दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, अंगाखाली घेताच येत नाहीत.’

मावशींनी ती ओळ पुन्हा वाचली. पसरलेले असतात? अहो, ते मावशींनी पसरले होते.

मासा आला तेव्हा कोपरं मोडून चारही पायांवर उभा होता. हे ध्यान ट्रेमध्ये दबा धरून बसलेलं बघून नव्या नोकरीतल्या मावशींना वाटलं, बरं नाही दिसत. साहेबांनी बघायच्या आतच त्यांनी शर्टाच्या बाह्या पसराव्यात तसे पाय बाहेर ओढले, वर काच ठेवली, काचेवर दोन वजनं. औषधात मासा तसाच कडक झाला.

दोन दिवस मावशींना जेवण गेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मासा थोडाच बोलणार आहे? निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, साहेबांचं सगळं नाव त्या एका पांगळेपणावर उभं. पण तो धडधाकट होता हो. मेलेल्याची अशी बदनामी करायची?

तिसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, तो पांगळा नाही. मी त्याला इस्त्री केली."

साहेब आधी हसले. मग मावशींनी काच आणि वजनं सगळं सांगितलं, तेव्हा हसू विरलं. त्यांनी बरणी उघडली, भिंग लावलं. कोपराच्या आत कातडी बारीक फाटली होती. तिला जन्मजात खूण समजून त्यांनी पुस्तकात पाच पानं भरली होती. ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मावशींनी डबा पिशवीत भरला. नोकरी गेली तर गेली, पण साहेबांचा तो पडलेला चेहरा बघून त्यांना रडू आलं.

तासाभराने साहेब बाहेर आले, शिल्पकाराला हाक मारली. डोळे लाल होते. "मावशी, त्याला उभा बघितलेलं जगात तुमच्याशिवाय कोणी नाही. दाखवा, कसा होता."

मावशींनी पिशवी ठेवली आणि सरळ फरशीवर गुडघे-कोपरं टेकले. "कोपरं अशी बाहेर. मान खाली. आणि तोंड तुमच्या आत्ताच्यासारखं." शिल्पकाराने मातीचे पाय तोडले. साहेबही गुडघे कडकड वाजवत खाली बसले आणि मावशींच्या कोपराला कोनमापक लावलं.

दालन उघडलं त्या दिवशी मावशींची मुलगी बराच वेळ पुतळ्यासमोर उभी राहिली. "आई, पलंगाखाली चप्पल शोधताना तू अशीच दिसतेस."

मावशी नवा कागद वाचत होत्या. ‘हा चालतो,’ एवढंच छापलेलं. खाली साहेबांनी पेनाने लिहिलं होतं, ‘उभं राहायची ढब मावशींनी दाखवली. सव्वीस वर्षं पांगळा म्हटलं, त्याबद्दल या माशाची माफी मागतो.’

कागद साहेबांनी स्वतःच चिकटवला असणार, कारण एक कोपरा वर आला होता. मावशींचा अंगठा सवयीने पुढे गेला, आणि मध्येच थांबला. त्यांनी तो कोपरा तसाच राहू दिला.