नव्व्याण्णव देशांचा रेडिओ

२०२३ सालचा नोव्हेंबर महिना होता. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, म्हणजे आमच्या जातीत जवळजवळ म्हातारा. मित्रांनो, मी एक जुना हॅम रेडिओ आहे. तुमच्या घरी असतो तो रेडिओ नुसता ऐकवतो. मी ऐकतोही आणि बोलतोही. माझ्यापुढे बसून, माइक हातात धरून, परवाना असलेला माणूस दुसऱ्या खंडातल्या अनोळखी माणसाशी गप्पा मारू शकतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून फिरत फिरत मी हैदराबादला आलो आणि विद्यानगरमध्ये हिम्मतरावांच्या मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर स्थिरावलो. हिम्मतराव वीजखात्यातले अधिकारी. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांनी स्वतः अँटेना उभी केली. रोज मऊ फडक्यानं ते माझी काच पुसत. मला वाटे, इतका प्रेमळ माणूस दुसरा नसेल.

त्यांच्या पत्नी जयवंताबाई नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवत. निवृत्त झाल्यावर त्या सहज माझ्यापुढे बसू लागल्या, मग अभ्यास करू लागल्या, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी परवान्याची परीक्षा पास झाल्या. त्यांचा आवाज स्वच्छ होता आणि धीर मोठा होता. हिम्मतराव दोनदा हाक मारून कंटाळत. त्या तासभर कान देऊन बसत आणि नेमकी फट सापडली की एकदाच बोलत. आठ वर्षांत त्यांचे नव्व्याण्णव देश झाले, म्हणजे तितक्या देशांतल्या माणसांशी बोलणं झालं. हिम्मतरावांचे पस्तीस वर्षांत सत्त्याण्णव झाले होते. दोघांच्या नोंदवह्या जयवंताबाईच लिहीत, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात.

हिम्मतरावांचे मित्र अंबाजी दर रविवारी येत आणि हटकून विचारत, "काय हिम्मतराव, वहिनी तुम्हाला ओव्हरटेक करायल्या की हो?"

"शिकवलं कुणी त्यांना?" हिम्मतराव हसून म्हणत.

"हौ हौ, उस्ताद तुम्हीच. पण शंभर त्याच करणार."

हिम्मतराव हसत राहत. त्यांचा हात तेव्हा माझ्या डायलवर असे. तो हात हसत नसे.

त्या नोव्हेंबरात दक्षिण समुद्रातल्या एका निर्मनुष्य बेटावर काही हौशी मंडळी तंबू ठोकून आठवडाभर राहिली होती. तिथून पुन्हा कुणी बोलेल ते दहा-बारा वर्षांनी. बेटाचा हिशेब वेगळा देश म्हणून होतो, तेव्हा सगळी दुनिया त्याला हाका मारत होती. जयवंताबाईंना तो शंभरावा देश हवा होता. मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला तरी मिळाला नव्हता.

इथं एक गोष्ट समजून घ्या. हजारो माणसं डायलवर बेटाच्याच जागेवर ओरडली तर बेटाचा आवाज कुणालाच ऐकू येणार नाही. म्हणून बेटवाला एका जागी बोलतो आणि थोडं वरच्या जागी ऐकतो. मधूनमधून सांगतो, "वर पाच." मग माझ्यासारख्या रेडिओला दोन जागा सांभाळाव्या लागतात : ऐकायचं खाली, बोलायचं वर. त्यासाठी माझ्या अंगावर एक बटण आहे, स्प्लिटचं. ते दाबलं की काचेच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उजळतात. ते न दाबता बोललात तर तुमचा आवाज थेट बेटाच्या डोक्यावर पडतो, सगळ्यांचं काम थांबतं, आणि मग जग तुम्हाला सोडत नाही. आमच्यात याहून मोठी शरमेची चूक नाही.

दुपारी चारला बँड उघडला, म्हणजे लांबच्या लहरी आमच्यापर्यंत पोचू लागल्या. बेट स्वच्छ ऐकू येऊ लागलं. जयवंताबाईंनी स्प्लिट लावलं, अक्षरं उजळल्याची खात्री केली आणि वर सरकून तीनदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

"आता तो युरोप घेतोय," हिम्मतराव म्हणाले. "पंधरा मिनिटं तरी आपल्याकडे वळणार नाही. तेवढ्यात चहा टाक. मी बसतो इथं, लक्ष ठेवतो."

"डायलला हात लावू नका बरं."

"नाही लावत."

त्यांनी शब्द पाळला. डायलला हात लावला नाही. जयवंताबाई स्वयंपाकघरात गेल्या, भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि हिम्मतरावांनी एका बोटानं स्प्लिटचं बटण दाबलं. अक्षरं विझली. मग त्यांनी नोंदवही उचलली आणि माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्याला टेकवून उभी ठेवली.

मित्रांनो, मी जगाशी बोलतो, पण स्वतःचं एक वाक्य मला बोलता येत नाही.

जयवंताबाई कप घेऊन आल्या. हेडफोन चढवला. बेटवाला म्हणाला, आता आशिया. त्यांनी माइक दाबून आपलं नाव सांगितलं. तो आवाज वर गेलाच नाही. माइक सोडताच कानात गलका आला. "वर, वर, वर." कुणी शिट्टी मारली. कुणी शिवी दिली.

"कुणीतरी बिचारा स्प्लिट लावायला विसरलाय," त्या हळहळून म्हणाल्या.

"असतात असे," हिम्मतराव म्हणाले. "तू मार हाक."

त्यांनी सात वेळा हाक मारली. सातही वेळा बेटाच्या डोक्यावर. गलका वाढत गेला आणि त्या त्यातून वाट काढायला आणखी स्पष्ट, आणखी ठाम बोलत राहिल्या. शेवटी बेटवाला थांबला. थकलेल्या आवाजात त्यानं जयवंताबाईंचं परवान्यावरचं पूर्ण नाव-चिन्ह उच्चारलं आणि म्हणाला, "हैदराबादच्या बाईंनी आधी आपलं यंत्र शिकावं, मग इथं यावं. आज मी तुम्हाला घेणार नाही."

पाठोपाठ घरातला फोन वाजला. हिम्मतरावांनी तो स्पीकरवर लावला. अंबाजी बोलत होते.

"वहिनी, काय करायल्यात? अख्खी दुनिया ऐकायली. स्प्लिट लावा की."

जयवंताबाईंनी वही बाजूला केली. कोपरा काळा होता. 

"मी लावलं होतं," त्या म्हणाल्या.

"वय होतं, जयवंता," हिम्मतराव हळुवारपणे म्हणाले. "वाटतं लावलं. ऊठ, मी बघतो जरा."

त्यांनी बटण दाबलं, वर सरकले आणि नवव्या मिनिटाला त्यांना बेट मिळालं. अठ्ठ्याण्णवावा देश. नोंद जयवंताबाईंनीच लिहिली. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं.

त्यानंतर त्या माझ्यापुढे बसल्या नाहीत. औषधाच्या गोळ्या दोनदा मोजू लागल्या. गॅस बंद केला का, हे बघायला परत परत जाऊ लागल्या. पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेली बाई भाजीवाल्यानं परत दिलेले सुटे पैसे शेजारणीला मोजायला सांगू लागली. हिम्मतराव ते पाहत होते. अंबाजींनी रविवारी तो किस्सा पुन्हा काढला की तेही दोन वाक्यांची भर घालत.

जानेवारीत हिम्मतरावांना सत्तर वर्षं झाली. क्लबची सात-आठ मंडळी घरी जमली. अंबाजी लॅपटॉप घेऊन आले होते. त्यांच्याकडे असं यंत्र होतं की त्या बँडवर कोण, कुठल्या जागी, किती वाजता बोललं ते सगळं संगणकात साठून राही.

"वहिनी, रागावू नक्को," ते म्हणाले. "तुमची फेमस हाक ऐकवतो सगळ्यांना."

सात हाका वाजल्या. सगळे हसले. जयवंताबाई पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या.

"अंबाजीभाऊजी, याच्या आधीचंही आहे का?" त्यांनी विचारलं. "चार वाजल्यापासूनचं?"

"आहे की."

"लावा."

चार वाजून सहा मिनिटांनी जयवंताबाईंचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावर जागेचा आकडा दिसत होता. तो बेटाच्या जागेचा नव्हता. बरोबर पाच वरचा होता.

या खोलीतल्या प्रत्येकाला रेडिओ कळत होता. स्प्लिट आधी लागलेलं होतं, नंतर काढलेलं होतं, आणि मधल्या वेळात घरात दोनच माणसं होती.

"मी तेव्हा चहा करत होते," जयवंताबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा लावा, भाऊजी."

अंबाजींनी हिम्मतरावांकडे पाहिलं. "राहू द्या ना, वहिनी."

"लावा. आज वाढदिवस आहे त्यांचा."

त्यांनी ते चार वेळा लावायला सांगितलं. चौथ्या वेळी हिम्मतराव म्हणाले, "जयवंता, पुरे." त्या म्हणाल्या, "वय होतं हो. ऐकलेलं लक्षात राहत नाही माझ्या." आणि पाचव्यांदा लावायला सांगितलं. मग त्यांनी केक कापायला सुरी आणून दिली.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा असं माझ्यासारखी म्हातारी यंत्रं सांगतात. मी वेगळं मागतो. माणूस विश्वासानं उठून गेला असेल, तर त्यानं लावून ठेवलेलं जसंच्या तसं राहू द्या. माझा बिघडलेला भाग बदलता येतो. ज्याला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा होतो, त्याला सुटे भाग मिळत नाहीत.

पुढं काय झालं, तेही सांगतो. अंबाजींनी ते ध्वनिमुद्रण पुसून टाकलं आणि माफी मागायला आले. जयवंताबाईंनी त्यांना जेवू घातलं, पण विषय काढू दिला नाही. ते आता मुलीकडे नांदेडला असतात. क्लबची मंडळी हिम्मतरावांशी भांडली नाहीत. त्यांची हाक ऐकू आली की ती गप्प राहतात, एवढंच.

जयवंताबाई नव्व्याण्णववरच थांबल्या. त्यांच्या गोळ्या आता त्या एकदाच मोजतात. हिम्मतराव कधी नवा देश ऐकू येणार असल्याचं कळलं की सांगतात, "ये, बस, तुझा शंभरावा होईल." त्या म्हणतात, "तुम्ही घ्या." पण हिम्मतरावही अठ्ठ्याण्णववर आहेत. कारण दुपारी चारला बँड उघडतो आणि ते खुर्ची ओढतात, तेव्हाच जयवंताबाई मऊ फडकं घेऊन येतात. माझा वीजपुरवठा बंद करतात. आधी काच पुसतात, मग डायल, मग एकेक बटण, काडीला कापूस गुंडाळून. स्प्लिटच्या बटणापाशी सगळ्यात जास्त वेळ लागतो.

"झालं का?" हिम्मतराव मधूनच विचारतात.

"होत आलं. जपायला हवं, जुना आहे."

ते समोर बसून राहतात. साडेपाचला बँड बंद होतो, तेव्हा त्या फडकं झटकतात. इतक्या वर्षांत माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती.