सतरा नंबरच्या काचपट्टीवर दिसले ते

मित्रांनो, मी तुमच्या मधल्या बोटाएवढी लांब अशी एक जुनी काचपट्टी आहे. महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कपाटात, एका लाकडी पेटीतल्या सतराव्या खाचेत मी राहते. मुले मला स्लाइड म्हणतात. माझ्या मध्यभागी जांभळट गुलाबी रंगाचा एक ठिपका आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेत, तर कुणीतरी सरबत सांडून पुसायचे विसरले असे वाटेल. पण त्या ठिपक्यात कांद्याच्या मुळाच्या हजारभर पेशी आहेत. त्यांतल्या कित्येक, एकीच्या दोन होता होता, जागच्या जागी थांबलेल्या आहेत.

मला घडवले नानांनी. नाना प्रयोगशाळा सहायक होते. त्यांचे खरे नाव बहुधा फक्त हजेरीपटाला ठाऊक असेल, कारण प्राचार्यसुद्धा त्यांना नानाच म्हणत. त्यांनी पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर एक कांदा बसवला. चार दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटली. मग एका सकाळी त्यांनी मुळांची टोके कापली, कारण सकाळी पेशींची विभागणी जोरात चालू असते. टोके रसायनात टाकून पेशी होत्या तशा थांबवल्या, कोमट आम्लात मऊ केल्या, रंगवल्या. एक टोक माझ्यावर ठेवून वर पातळ काच झाकली आणि टीपकागदावरून अंगठ्याने दाबले. हा अंगठा फार महत्त्वाचा. जोर जास्त पडला तर काच फुटते, कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढून बसतात. त्या दिवशी नानांनी वीस पट्ट्या केल्या आणि टिकल्या सहा. मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "जमली." त्या एका शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षे खूश होते.

आमच्या पेटीत नाना तऱ्हेचे शेजारी होते. पानाचा काप, झुरळाचे जबडे, बेडकाचा कोवळा गर्भ, हाडाची चकती. पहिल्या वर्षाची मुले माझ्याकडे पेशी कशी वाढते हे शिकायला येत, दुसऱ्या वर्षाची आनुवंशिकता शिकायला, आणि तिसऱ्या वर्षाची मुले, आता आपल्याला सगळे येते, अशा थाटात. मी कुणाला कमी लेखत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकाने मोठ्या कष्टाने हवेच्या बुडबुड्याची आकृती काढून त्याला पेशी असे नाव दिले होते. दुसऱ्याने स्वतःच्या पापण्यांचे केस रेखाटले होते, तेही अगदी सुबक.

बहुतेक मुले मात्र माझ्याकडे पाहतच नसत. डोळा भिंगाला लावायचा, हात वहीवर, आणि वही शेजारी आधीच्या तुकडीतल्या कुणाचे तरी जर्नल उघडे. पुस्तकातली आकृती जर्नलात, आणि त्या जर्नलातली पुढच्या जर्नलात. वाईट वाटायचे, पण सवय झाली.

अशा वेळी ती मुलगी आली. तिचे वडील घड्याळे दुरुस्त करत, म्हणून वर्गात तिचे नाव पडले होते घड्याळवाली. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली ती पहिलीच. ती एका पट्टीवर अख्खा तास घालवायची. इतरांच्या चार आकृत्या होत तेव्हा हिची एक, तीही अर्धी. जर्नल अपुरे राहिले म्हणून दुसऱ्या वर्षी ती प्रात्यक्षिकात नापास झाली. पुन्हा नापास झाली तर तिचा प्रवेशच रद्द होणार होता. विषय शिकवणाऱ्या मॅडमनी तिला समजावले, की थोडे बघून, थोडे पुस्तकातून काढ आणि मोकळी हो. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, दिसल्याशिवाय मला काढता येत नाही हो."

फेरपरीक्षेच्या दिवशी चिठ्ठीत तिला सतरा नंबर आला. माझ्यातली विभागणी होत असलेली एक पेशी शोधायची, आकृती काढायची आणि टप्पा ओळखायचा, असा प्रश्न होता.

आता माझे एक गुपित सांगते. माझ्या डाव्या कडेला एक पेशी आहे. तिच्यातली गुणसूत्रे, म्हणजे आईबापांकडून आलेले गुण वाहून नेणारे धागे, दोन टोकांना ओढली जात आहेत. पण एक धागा मध्येच मागे राहून गेला आहे. पुस्तकात असे नसते. ती पेशी म्हणजे माझ्यातले व्यंग, असेच मी समजत होते, आणि कुणाची नजर तिकडे वळू नये असे मला वाटे. त्या मुलीने नेमकी तीच गाठली. मी मनात म्हटले, बाई गं, दुसरी घे, शेजारी चांगली साजरी पेशी आहे. पण ती हलली नाही. ओठ हलवत तिने धागे मोजले, पुन्हा मोजले आणि चित्र काढले.

परीक्षक बाहेरून आलेले होते. वयस्क, शिस्तीचे, हातात लाल पेन. तोवर शिपायाने टेबल आवरायला घेऊन मला यंत्रावरून काढून ठेवलेही होते. परीक्षकांनी तिचा कागद पाहिला आणि आकृतीच्या मध्यावर बोट ठेवले.

"हे काय? शाई सांडली का?"

"नाही सर. एक गुणसूत्र मागे राहिलंय."

"असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. पट्टीवर आहे."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. विचारले म्हणून सांगितले, इतकेच. पण परीक्षकांनी आकृतीवर लाल रेघ ओढली आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. मुलीचा चेहरा उतरला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मॅडम तेव्हा पुढे आल्या. परीक्षकांना असे अडवणे सोपे नसते. "सर, एकदा तुम्ही स्वतः बघून घ्या," त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले. हजार पेशींत तीच कशी सापडणार, असे त्यांनी विचारले, आणि ते खरेच होते. मी घाबरले. तेवढ्यात मुलीने कागदाचा खालचा कोपरा दाखवला. तिथे बारीक अक्षरात दोन आकडे होते. सूक्ष्मदर्शकावर काचपट्टी उजवीडावीकडे आणि पुढेमागे सरकवायची सोय असते, तिच्यावर मापे कोरलेली असतात, तुम्हीही पाहिली असतील. पेशी सापडताच तिने ती मापे टिपून ठेवली होती. घड्याळ उघडले की कुठला स्क्रू कुठून काढला हे वडील आधी लिहून ठेवतात, तीच सवय तिला लागली होती.

मला पुन्हा यंत्रावर बसवले. तिने दोन आकडे जुळवले आणि बाजूला झाली. परीक्षक वाकले. भिंग जरा खाली, जरा वर. मला स्वतःला लपवायला जागा नव्हती.

"मोजलीस?" त्यांनी डोळा न काढता विचारले.

"हो सर. एका टोकाला सोळा, एका टोकाला पंधरा. आणि हे एक."

त्यांनीही मोजली. मग सरळ उभे राहिले, चष्मा पुसला, आणि लाल रेघेशेजारी 'आकृती बरोबर' असे लिहून खाली सही केली. निघताना मॅडमना म्हणाले, "इतकी वर्षं मी ही आकृती तपासतोय. पट्टी आज बघितली." मुलगी पास झाली. आणि मित्रांनो, जिला मी माझे व्यंग समजत होते, त्या पेशीमुळे एका मुलीचे शिक्षण वाचले. त्या दिवसापासून मी स्वतःवर रुसणे सोडले.

पुढच्या वर्षीपासून मॅडमनी नियम केला. प्रत्येक आकृतीशेजारी ते दोन आकडे लिहायचेच, म्हणजे त्यांना ती पेशी स्वतः शोधून तपासता येई. जर्नलावरून जर्नल उतरवणे आपोआप बंद पडले. मुले कुरकुरली, पण पाहू लागली. एकदा एका मुलाने घाईत मोठे भिंग माझ्यावर आदळले आणि वरच्या काचेचा कोपरा तडकला. तो रडवेला होऊन नानांकडे गेला आणि स्वतःहून सांगितले. नाना रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून आपल्या मुलीची नखांना लावायच्या रंगाची बाटली घेऊन आले आणि त्यांनी माझी फट बुजवली. म्हणून माझा एक कोपरा जरा नटवा दिसतो.

मग पडद्यावर चित्रे दाखवायची सोय झाली. आमची पेटी तीन वर्षे उघडलीच गेली नाही. नानाही निवृत्त झाले. ते दिवस जड गेले, खोटे कशाला सांगू. पण त्यांच्या जागी आलेल्या सहायक ताईंनी एक दिवस कपाट आवरताना आम्हाला बाहेर काढले, मऊ कापडाने एकेकीला पुसले आणि मॅडमना सांगितले, की चित्र सगळ्यांना एकच दिसते, पट्टीत ज्याचे त्याला शोधावे लागते. मॅडम हसल्या, आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो.

आता माझा रंग उतरू लागला आहे. अजून काही तुकड्यांपुरता पुरेल, मग मी साधी काच होईन. त्याचे मला दुःख नाही. ज्या कांद्याने आपली मुळे दिली, ज्या अंगठ्याने बेताचा जोर दिला, ज्या डोळ्यांनी मला नीट पाहिले, त्या सर्वांची मी ऋणी आहे. तुमच्याकडे एवढेच मागते. मला कडांनी धरा. भिंग खाली आणताना बाजूने नजर ठेवा. काम झाले की पुसून खाचेत ठेवा. आणि पुस्तक उघडण्याआधी थोडा वेळ माझ्यापाशी थांबा. उद्या सकाळी पहिल्या वर्षाची नवी तुकडी येणार आहे. ताईंनी आज संध्याकाळीच आम्हाला टेबलावर ओळीने मांडून ठेवले आहे.