बोलक्या भिंतीचं भय

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी भिंत आहे. तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत उभी आहे. अंगावर पुष्कळ अक्षरं आहेत, पण माझ्या मनातलं त्यात एकही नाही. म्हणून तर जीव घाबरतो.

माझ्या पायाखाली काळी माती आहे. उन्हात ती तडकते, पाण्यात फुगते. ती कूस बदलते आणि माझ्या पायापासून माथ्यापर्यंत कळ जाते. पहिली चीर पडली तेव्हा डोमाजी पेंटरनं ती पुट्टीनं बुजवली आणि वर निळ्या रंगात इंग्रजीच्या पूर्ण काळाची रूपं लिहिली. डावीकडे हॅव, उजवीकडे हॅड, खाली वाक्यं. पाहुणे आले की किशोर सर त्यांना आधी माझ्याकडे आणत. लोक फोटो काढत. मी रंगाखाली उकलत होते आणि वरून शाबासकी घेत होते.

सर शिकवत मोठं छान. "काम मागं झालं, पण त्याची खूण आजही हाये, तिथं हॅव. अन् दोन गोष्टी मागंच घडल्या, तं जे आधी घडली तिले हॅड. लिहितानी हे ध्यानात ठेवा. नाहीतं वाचणाऱ्याले समजत नाही, पहिले काय झालं."

हे ऐकलं की मी आतून थरथरे. पहिले काय होईल? मुलं उठून जातील, की मी कोसळेन?

श्रावणाची झड लागली होती. सरांनी अशा दोन गोष्टींची वाक्यं मागितली. आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत लिहा, म्हणाले. पियुष उठला.

"सर, मी डबा उघडला, त्याच्या आधीच बंडूनं भाजी खाल्ली होती."

"खारट होती," बंडू म्हणाला. वर्ग हसला.

भावना मला टेकून बसली होती. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "सर, भिंत पडली, त्याच्या आधी आमी बाहीर गेलो होतो."

"कावून वं पोरी, असं अभद्र बोलून राहिली?"

"माह्या पाठीले वारा लागून राहिला, सर."

सरांनी माझ्यावरच्या हॅड या अक्षरांवर तळहात ठेवला. बाहेरचा ओला वारा त्यांच्या बोटांत शिरला. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला, पण आवाज चढला नाही. "दप्तरं राहू द्या. उठा. पळू नका."

एकेक पाऊल जमिनीवर पडे, ते मला हाडांत कळे. दारातून शेवटची वेणी जाईपर्यंत मी दात-ओठ खाऊन उभी राहिले. इतकी ताठ मी नवी होते तेव्हाही नव्हते.

आता वर्ग समाजमंदिरात भरतो. माझ्यापुढे दोरी बांधली आहे. परवा डोमाजी येऊन म्हणाले, "लय मेहनतीचं काम हाये सर, पाडू नका. पुट्टी भरून देतो." सरांनी नकारार्थी मान हलवली, पण पाडायला अजून कोणी आलेलं नाही. मधल्या सुटीत चेंडू दोरीच्या आत येतो, कोणीतरी मागे धावतं, आणि माझा श्वास अडकतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझी अक्षरं उतरवून घ्या आणि मोठ्या माणसांचा पिच्छा पुरवा, की ही भिंत पाडा. तोवर चेंडू आत आला, तर तो माझा समजा.